माझं दार वगळून गेलीस

सिस्टर चंद, मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे. तुला जाऊन जेमतेम दोन आठवडे होतायत. या दोन आठवड्यांत लोकांनी मिठ्या मारत, खांदा थोपटत, फोन करत जे जे म्हटलं, ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं. सुटली बिचारी. चांगल्या ठिकाणी गेली. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं, की कधी कुरकुर म्हणून केली नाही पोरीनं. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कुरकुर केली नाहीस, हीच तर माझी तक्रार आहे.

तुला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी मराठीत लिहितेय. त्याला कारण तूच. मी इंग्रजीत भांडायला लागले की ऑफिसच्या ईमेलसारखी वाटते, असं तू एकदा म्हणाली होतीस. सगळं सभ्य, सगळं खोटं. खरं रागवायचं असेल तर तुझ्या भाषेत रागव, मला अर्थ कळला नाही तरी चालेल, हेही तूच म्हणालीस. तर घे आता. तुझं बोलणंही मी बरंचसं मराठीतच लिहिणार आहे, तेवढं चालवून घे.

आपण दोघी मॉर्मन मिशनरी होतो, हे कुणाला सांगितलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरा शर्ट, काळा टाय आणि सायकलवरची दोन गोरी पोरं येतात. मुलीही जातात, सिडनीतल्या ब्लॅकटाउनची फिजी-इंडियन चंद जाते आणि मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीची साळवीही जाते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी क्लेटनला युनिव्हर्सिटीत असताना एका मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये गेले आणि तिथे रमले. घरी सांगितलं तेव्हा बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसले. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "म्हणजे चहा पण सोडणार तू?" चहा-कॉफी वर्ज्य असते आपल्यात, हे तिने कुठूनतरी वाचून काढलं होतं. तिला देवापेक्षा चहाचंच जास्त लागलं असावं. मग दीड वर्षासाठी माझी नेमणूक ॲडलेडच्या उत्तरेकडच्या उपनगरांत झाली, आणि तिथे माझी पहिली जोडीदार आणि ट्रेनर म्हणून तू उभी होतीस. माझी बॅग माझ्या हातातून काढून घेतलीस आणि म्हणालीस, "लेट्स गो, सिस. आंघोळ संध्याकाळी कर."

मिशनरी नेहमी जोडीने राहतात. दुसरी नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवीच. दुकानात, बसमध्ये, लोकांच्या दिवाणखान्यात, चोवीस तास. एकटं असण्याची मुभा फक्त बाथरूममध्ये. एकमेकींना पहिल्या नावाने हाक मारायची नाही, सिस्टर आणि आडनाव. म्हणूनच परवा तुझ्या फोटोखाली 'प्रितिका' लिहिलेलं बघून मला क्षणभर वाटलं, या कोण बाई? तुझ्या घोरण्याचा सूर मला ठाऊक होता, टोस्टवर व्हेजिमाइट किती लावतेस ते ठाऊक होतं, प्रार्थनेत आईचं नाव घेताना तुझा आवाज कुठे अडकतो ते ठाऊक होतं. नाव मात्र तोंडात बसलं नाही ते नाहीच.

सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग अभ्यास, मग दिवसाचं नियोजन, मग छातीवर नावाची काळी पट्टी लावून बाहेर. सोमवारी कपडे धुणं, किराणा आणि घरी व्हिडिओ कॉल. बाकी सगळे दिवस दारं. ॲडलेडच्या उन्हात घोट्यापर्यंतचे स्कर्ट घालून आपण गल्ल्यांमागून गल्ल्या चालायचो. माश्या नाकातोंडात जायच्या. कुत्री भुंकायची. एकजण बागेतला पाइप आपल्यावर धरून हसला, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "थँक्स मेट, नीडेड दॅट," आणि तो इतका ओशाळला की पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन मागे आला. मला आठवड्याभरात रडू आलं होतं. लोक आपल्याला नको असतात, हे दिवसाला शंभरदा ऐकायची सवय मला नव्हती. मी शाळेत कायम पहिल्या पाचात आलेली मुलगी.

तू शिकवलंस. लोक तुला नाही म्हणत नाहीयेत, ते फक्त नाही म्हणतायत. दार उघडणाऱ्याच्या हातात पीठ आहे की मूल आहे ते बघ, आणि त्याप्रमाणे बोल. पाणी देऊ केलं तर तहान नसली तरी घे. ज्याने आपल्याला काही दिलं, तो आपल्यासमोर ताठ उभा राहतो, त्याच्याकडून काहीच न घेणं हा त्याचा अपमान आहे. हे तू मला किती वेळा ऐकवलंस! आणि मी मूर्ख, ते खरं धरून चालले.

आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा त्या मोहिते काकूंच्या दारातला.

आपण एका कल-दे-सॅकमध्ये, पुढे बंद असलेल्या गल्लीत होतो. एका बाजूची सगळी घरं झाली, पलीकडच्या बाजूचं दुसरं घर आलं. दारावर झेंडूचं प्लास्टिकचं तोरण, उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग, बाजूला तुळशीची कुंडी, आणि पाटीवर देवनागरीत 'मोहिते'. मी त्या घराकडे बघितलंही नाही. सरळ पुढच्या घराच्या फाटकात शिरले. तू फुटपाथवरच थांबलीस.

"एक राहिलं."

"नको. ते आमच्यातले आहेत. नाहीच म्हणणार."

"तुला कसं माहीत?"

"मला माहितेय. मराठी आहेत. तू समजून घे ना जरा."

तू समजून घेतलं नाहीस. त्या उन्हात, फुटपाथवर उभं राहून, मला शिकवणी दिलीस. आपलं काम विचारणं. हो किंवा नाही हे त्यांचं काम. तू विचारलंच नाहीस म्हणजे त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळी झालीस. ते उत्तर तुझं नव्हतं, ती चोरी आहे. 'नाही' म्हणणाऱ्याकडून त्याचं 'नाही'सुद्धा काढून घ्यायचं नसतं. एवढं बोलून तू गेलीस आणि बेल दाबलीस.

काकूंनी दार उघडलं ते वामकुक्षी मोडल्याच्या चेहऱ्याने. त्यांनी आधी तुला बघितलं, मग मला, मग माझ्या छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"साळवी? कुठले साळवी?"

"मूळचे चिपळूणचे. आता मेलबर्न."

"आणि हे काय गं? आईला माहितेय का?"

"माहितेय."

"मग? चालतं तिला?"

"नाही चालत."

"नाहीच चालणार! मला तरी कुठे चाललं असतं?" असं म्हणून त्यांनी दार सताड उघडलं. "या आत. ऊन बघा किती आहे. चहा टाकते."

चहा चालत नाही म्हटल्यावर त्या मटकन सोफ्यावर बसल्या. "चहा नाही? मग तुमच्या धर्मात आहे तरी काय?" तू मला कोपराने ढोसत होतीस, भाषांतर कर म्हणून. मी केलं, आणि तू इतकी मोठ्याने हसलीस की काकूही हसायला लागल्या. मग कोकम सरबत आलं, थालीपीठ आलं. देवाचं काय ते आम्हाला नको, आमच्याकडचेच आवरत नाहीत, असं त्यांनी साफ सांगितलं. पण मुलगा-सून दिवसभर कामाला, मागचं गवत गुडघ्यापर्यंत आलंय, ते कापून द्याल का? तू लगेच तयार. त्या दिवसापासून आपण दर शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, त्यांच्या मागच्या अंगणात मोअर ढकलायचो. त्या खिडकीत बसून सूचना द्यायच्या आणि मला दर वेळी आईला फोन केलास का म्हणून विचारायच्या. बाप्तिस्मा वगैरे काही झाला नाही. आपल्या रिपोर्टमध्ये ते घर 'रस नाही' असंच राहिलं. तरी त्या दीड वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं दार तेच होतं, आणि ते तू मला दिलंस. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, असं मला कालपर्यंत म्हणता येत होतं.

आता तुझं ऐक.

दर आठवड्याला आपण दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचो. ती मिशनची पद्धतच आहे. आधी प्रार्थना, मग एकमेकींना खरं खरं सांगायचं. काय आवडलं, काय खुपलं, दुसरीकडून काय हवंय. माझ्या मते लग्न झालेल्या माणसांवर हे सक्तीचं करायला हवं. मी तर पाण्याच्या टाकीची तोटी सोडल्यासारखी बोलायचे. तू माझ्याआधी बाथरूम अडवतेस. तू दारात मला बोलूच देत नाहीस. काल बसमध्ये तू मला सगळ्यांसमोर टोकलंस. तू शांतपणे ऐकायचीस, जे पटेल ते बदलायचीसही. मग तुझी पाळी. "तू माझ्यासाठी काय केलं तर बरं वाटेल, सिस्टर चंद?" हे मी विचारायचं असतं आणि मी दर वेळी विचारलं. तुझं उत्तर दर वेळी एकच. "नाह सिस, ऑल गुड."

डोंबल तुझं ऑल गुड.

मला गॅस्ट्रो झाला तेव्हा माझ्या उलटीची बादली तू धुतलीस. माझ्या आजीची बातमी आली तेव्हा तू मला मोहिते काकूंकडे घेऊन गेलीस, मराठीत रडायला मिळावं म्हणून. आणि मी एकदा तुझा स्कर्ट इस्त्री केला तर तू घुश्शात गेलीस. कशाला केलंस? मी करणारच होते. त्यावरून आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, लोकांना पाणी द्यायला लावतेस, मला एक स्कर्ट इस्त्री करू देत नाहीस, हा कुठला न्याय? तू म्हणालीस, मला घ्यायला जमत नाही, माझ्या घरात मीच मोठी, मला द्यायचीच सवय आहे. मी म्हटलं, मग शिक. ते भांडण आपण झोपायची वेळ झाली म्हणून तिथेच सोडलं. पुढे कधी पुरं केलं नाही. आता तू त्यातून पळ काढलास, आणि असं जाऊन शेवटचा शब्दही तूच घेतलास. मला हे अजिबात मान्य नाही.

रक्तदानाची गाडी आठवते? शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये लागलेली. आपण सेवेचा दिवस म्हणून दोघी गेलो. मला आत घेतलं. तुझं ब्लड प्रेशर त्या नर्सने दोनदा बघितलं, मग दुसऱ्या नर्सने बघितलं, आणि तुला परत पाठवलं. तिने तुला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलेलं मी खुर्चीतून बघत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं? "ब्रेकफास्ट नीट झाला नव्हता ना." डॉक्टरकडे जायचं का? ऑल गुड. आपल्या मिशनच्या प्रमुखांची बायको दर आठवड्याला फोन करून तब्येतीची चौकशी करायची, खोदून खोदून विचारायची. तिला काय सांगायचीस? फर्स्ट क्लास. संध्याकाळी तुझे घोटे सुजलेले असायचे, तेव्हा चालण्याचं निमित्त. डोकं दुखायचं, तेव्हा उन्हाचं. मी विचारलं नाही असं एकदाही झालं नाही. पुढे माझा रक्तगट कळला तेव्हा तू टाळीसाठी हात वर केलास. "सेम-सेम!" म्हणजे तुला तुझा गटही माहीत होता. हे तू नंतर विसरली असशील असं मला कुणी सांगू नये. तू लोकांच्या कुत्र्यांची नावं विसरायची नाहीस.

मिशन संपलं. तू ब्लॅकटाउनला, मी ग्लेन वेव्हर्लीला. मी निखिलशी लग्न केलं. तो देव मानत नाही पण चर्चच्या पॉटलक जेवणाला माझ्याआधी तयार असतो. मग इरा झाली. आपला रविवारचा दुपारचा कॉल मात्र चालू राहिला. गेल्या दीड वर्षात तू जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा टॉप घालून बसायचीस. मी विचारलं तर, "आईने एसी बघ ना किती ठेवलाय." चेहरा उतरलेला दिसायचा. विचारलं तर, शिफ्ट जड जाते गं. कसली शिफ्ट? नवीन काम धरलंय, आठवड्यातून तीन दिवस. मी म्हटलं, बरं झालं, बाकीचे दिवस आराम मिळतो. इरा स्क्रीनवर हात मारायची आणि तू तिच्यासाठी तोंडं वेडीवाकडी करायचीस. मी एकदा सिडनीला यायचं तिकीट बघत होते, तर तू म्हणालीस, घरात रंगकाम काढलंय, पुढच्या महिन्यात ये. पुढच्या महिन्यात तू दुसरं काहीतरी काढलंस. किती सफाईने खोटं बोललीस! आपण दोघी दीड-दीड वर्ष छातीवर पट्टी लावून लोकांना खरं सांगत फिरलो आणि तू त्यात असली तरबेज निघालीस.

तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी इराला भाजी भरवत होते. हार्ट, म्हणाली. एवढंच कळलं. दुसऱ्या दिवशी मी सिडनीला उतरले.

आपल्यात देवळाचे पांढरे कपडे घालून माणसाला निरोप देतात आणि बाईला ते बायकाच घालतात, हे तुला काय सांगायचं. तुझ्या आईने मला हाताला धरून म्हटलं, "तुम भी आओ." मी माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, "जमेल ना तुला? तुझ्या आजीचं मी केलं होतं. हळू कर, घाई करायची नाही. तिच्याशी बोलत राहा." माझ्या हिंदू आईने मला हे सांगितलं, आणि मी त्या थंड खोलीत तसंच केलं. तुझ्याशी बोलत बोलत केस नीट केले. मग बाही घालायला तुझा डावा हात उचलला.

कोपरापासून मनगटाकडे दोरखंडासारखी फुगलेली शीर, आणि तिच्यावर सुयांच्या खुणांची रांग. मी बघतच राहिले. शेजारी एक टोंगन बाई होत्या, त्या हॉस्पिटलात काम करतात. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "डायलिसिस, लव्ह. यू डिडन्ट नो?"

मी तो हात खाली ठेवला. मग परत उचलला आणि बाही घातली, कारण घालायची होती. तुझ्याशी बोलायचं मात्र तिथेच थांबवलं.

नंतर तुझ्या आईला स्वयंपाकघरात गाठलं. भांडी पुसत होती. मी हिंदीत विचारलं, किती दिवस? "डेढ़ बरस." दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मग ती तीन दिवसांची शिफ्ट? ते तीन दिवस डायलिसिसचेच होते. मला का नाही कळवलं? तिने फडकं खाली ठेवलं.

"ऊ बोलिस, मृणाल को नहीं बताना. मालूम पड़ा तो ऊ लड़की अपना किडनी लेके आ जाई."

"तो?"

"बोलिस, उसका छोटा बच्चा है. ऊ ना नहीं बोल सकेगी."

"और किसी को पूछा, आंटी?"

"हमार तो शुगर है, डॉक्टर ना बोल दिया. और किसी को पूछने नहीं दी. बोलिस, लिस्ट में नाम है, नंबर आ जाई."

मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी तिला थोपटत उभी राहिले. मी रडले नाही. मला तुला हलवून उठवायचं होतं. काय मोठे उपकार केलेस? कुणी सांगितलं होतं? गट जुळत होता. न जुळला असता तरी आता दाता आणि रुग्ण अशा जोड्यांची अदलाबदल करून देतात, मी त्याच आठवड्यात सगळं वाचून काढलं. तुला नुसता एक फोन करायचा होता. अनोळखी माणसांच्या बेल दाबून आपण त्यांच्याकडे अख्खं आयुष्य मागायचो, बदला म्हणायचो, सिगारेट सोडा, दारू सोडा, रविवारी या. तेव्हा तुझं बोट कधी थरथरलं नाही. आणि माझ्या दारापाशी आल्यावर तू पुढे निघून गेलीस. दीडशहाणी कुठली.

बिशपांनी मला अंत्यविधीला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनीही तुझ्या सोसण्याचं कौतुक केलं. पहिल्या रांगेत चर्चमधल्या काही पोरी बसल्या होत्या, त्यातली एक पुढच्या महिन्यात मिशनला निघालीय. ती हे सगळं डोळे मोठे करून ऐकत होती. मला ते बघवेना. मी वर गेले आणि मोहिते काकूंच्या दाराची गोष्ट सांगितली. थालीपिठापर्यंत सगळे हसले. चहाला तर तुझी आईसुद्धा हसली. मग मी म्हटलं, "तिने मला शिकवलं की कुणाच्या वतीने नाही म्हणायचं नाही. तेच ती स्वतः विसरली. तिला मदत हवी होती आणि तिने ती मागितली नाही. मी तिच्यावर प्रेम करते, आणि ती चुकली. कृपा करून तिच्यासारखं करू नका." एवढं बोलून खाली आले. ती मिशनला निघालेली पोरगी बाहेर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, मी माझ्या दम्याचं फॉर्मवर लिहिलेलं नाही. मी म्हटलं, आज लिही. आत्ता लिही. तिच्या आईला शोधून तिच्यासमोर कबूल करायला लावलं, तेव्हा मला जरा श्वास घेता आला.

मला वाटलं होतं की एवढं बोलल्यावर राग उतरेल. विमानात बसेपर्यंत मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडून जिंकलेही होते.

निखिल मला घ्यायला आला होता. मागे कारसीटमध्ये इरा, हातात अर्धं केळं. टोल रोडवर मी त्याला सगळं सांगितलं. हात, शीर, शिफ्ट, आंटी काय म्हणाली ते. तो ऐकत होता. मग त्याने सरळ समोर बघत विचारलं, "दिली असतीस?"

"ऑफ कोर्स दिली असती. काय प्रश्न आहे?"

इंडिकेटर देऊन त्याने लेन बदलली. मागून इराने "ममा, मोअर," म्हणून उरलेलं केळं माझ्या सीटवर फेकलं, आणि मी ते उचलायला वळले. तिचे गाल केळ्याने माखलेले होते. माझ्या मनात आलं, ऑपरेशननंतर कित्येक आठवडे हिला उचलता येणार नाही. मग मनात आलं, पुढे कधी हिलाच लागली तर? मग निखिलकडे बघितलं. त्याचे हात स्टीअरिंगवर घट्ट होते, आणि मला कळलं की हा नको म्हणाला असता. घरी आई तर धाय मोकलून म्हणाली असती. आणि मी? माझं ते 'ऑफ कोर्स' फार लवकर आलं होतं. ज्याला कुणी विचारणारच नाही, त्याचं उत्तर असंच चटकन येतं.

माझा सगळ्यात जास्त राग याचा आहे, सिस्टर चंद. तू मेलीस याचाही एवढा नाही. कदाचित मी हो म्हटलं असतं. कदाचित महिनाभर विचार करून, रडून, तुझे पाय धरून नाही म्हटलं असतं, आणि तू त्याच खुर्चीत बसून म्हणाली असतीस की ठीक आहे. मग मला आयुष्यभर तुझ्या आईला तोंड दाखवायची लाज वाटली असती. ती लाज माझी होती. ती मला मिळायला हवी होती. तू ब्लॅकटाउनमध्ये बसून परस्पर ठरवलंस की मृणाल नाही म्हणूच शकणार नाही, आणि आईला तसं सांगून निघून गेलीस. तिच्याकडून ते ऐकलेली ब्लॅकटाउनमधली माणसं आता मला फोन करून म्हणतात, तू दिली असतीस हे तिला ठाऊक होतं गं. मी हो म्हणते. मला ठाऊक नाही.